कविवर्य आलेस्सांद्रो मांझोनी यांचें चरित्र



धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेंत देवळाचा इतिहास, पूर्वजांचीं नांवें व संस्थांचे अहवाल हीं तर असावयाचींच. परंतु त्यांच्या जोडीला एखाद्या थोर श्रद्धावंताचें चरित्रही वाचकांच्या हातीं द्यावें, अशी आमची इच्छा होती. साधुसंतांचीं चरित्रें आपण देवळांत वारंवार ऐकतों. ज्यास ख्रिस्तसभेनें संतपद दिलेलें नाहीं, ज्यानें आपल्यासारखाच प्रपंच केला, दहा अपत्यांपैकीं आठांचा वियोग सोसला, आणि एवढें सोसूनही देवावरील विश्वास सोडला नाहीं व देवाच्या नांवावर कधीं खोटेंही लिहिलें नाहीं, अशा एका प्रापंचिक साहित्यिकाची ओळख करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे. इटलीचे कवि व कादंबरीकार आलेस्सांद्रो मांझोनी हे ते गृहस्थ होत.

बालपण व तारुण्य

मांझोनी यांचा जन्म उत्तर इटलींतील मिलान शहरीं ७ मार्च १७८५ रोजीं झाला. त्यांच्या मातोश्री ज्यूलिया या चेझारे बेक्कारिया यांच्या कन्या. आरोपीचे हाल करून कबुली घेणें व देहांताची शिक्षा देणें या प्रथांविरुद्ध १७६४ सालीं ग्रंथ प्रसिद्ध करून ज्यांनीं सर्व युरोपास विचार करावयास लाविलें, तेच हे बेक्कारिया. वडील पिएत्रो मांझोनी हे कोमो सरोवराकांठच्या लेक्को येथें जमीनजुमला असलेले सरदार होते. पतिपत्नींच्या वयांत मोठें अंतर होतें व स्वभावांतही मेळ नव्हता. १७९२ सालीं तीं उभयतां विभक्त झालीं व पुढें मातोश्री पॅरिसला जाऊन राहिल्या.

लहान आलेस्सांद्रोला वयाच्या सहाव्या वर्षींच वसतिगृहांत ठेवण्यांत आलें होतें. प्रथम सोमास्की संघाच्या व नंतर बार्नाबाइट संघाच्या धर्मगुरूंच्या विद्यालयांत त्याचें शिक्षण झालें. तेथें त्याला उत्तम लॅटिन मिळालें, काव्याची गोडी मिळाली. परंतु आईवेगळ्या मुलाला जी माया हवी ती मात्र मिळाली नाहीं. हीं विद्यालयें आपल्याच धर्मसंघांचीं होतीं, ही गोष्ट आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. शिस्तीनें मूल शहाणें होतें, पण मायेवांचून तें श्रद्धावंत होत नाहीं, हें आईबापांनीं, शिक्षकांनीं व आम्हां धर्मगुरूंनींही ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. विद्यालयांतून बाहेर पडतांना त्या तरुणाच्या मनांत धर्माविषयीं कडवटपणाच उरला होता. १८०१ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, त्यानें स्वातंत्र्याचा जयजयकार करणारें एक दीर्घ काव्य रचिलें. त्यांत राजेरजवाड्यांबरोबर धर्माधिकाऱ्यांवरही आग पाखडलेली होती.

१८०५ सालीं मांझोनी मातोश्रींकडे पॅरिसला गेले. तेथें क्लोद फोरिएल यांच्यासारखे विद्वान् मित्र त्यांना लाभले. त्या मंडळींत बुद्धीस मान होता, इतिहासाची व भाषेची सूक्ष्म चर्चा होती. मात्र देवाला तेथें जागा नव्हती. तरुण मांझोनी त्या वातावरणांत रमून गेले.

श्रद्धेचें पुनरागमन

६ फेब्रुवारी १८०८ रोजीं मांझोनी यांचा विवाह एन्रिकेत्ता ब्लोंदेल या सोळा वर्षांच्या मुलीशीं झाला. ती जिनीव्हाच्या एका प्रॉटेस्टंट घराण्यांतील असल्यामुळें विवाह कॅल्व्हिनपंथी विधीनें झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना पहिली कन्या झाली व १८०९ सालीं तिचा बाप्तिस्मा कॅथॉलिक विधीनें झाला. तेथून त्या घरांत नवा विचार सुरू झाला. एन्रिकेत्ताबाई एउस्ताकियो देगोला नांवाच्या धर्मगुरूंजवळ कॅथॉलिक धर्मशिक्षण घेऊं लागल्या. फेब्रुवारी १८१० मध्यें उभयतांचा विवाह कॅथॉलिक विधीनें पुन्हां पवित्र करण्यांत आला आणि २२ मे १८१० रोजीं, माहेरचा रोष पत्करून, एन्रिकेत्ताबाई ख्रिस्तसभेंत आल्या. घरांत चाललेल्या या धर्मचर्चेनें पतीचेंही मन ढवळून निघालें व बाळपणीं सोडलेल्या श्रद्धेकडे तेही परतले.

या परिवर्तनाविषयीं एक आख्यायिका सांगतात. २ एप्रिल १८१० रोजीं पॅरिसमध्यें नेपोलियन बादशहाच्या विवाहाचा सोहळा चालला असतां गर्दींत पत्नीची ताटातूट झाली, व्याकुळ झालेले मांझोनी संत रॉक यांच्या देवळांत शिरले आणि तेथें त्यांनीं प्रार्थना केली. आख्यायिका मनोहर आहे. परंतु स्वतः मांझोनी यांनीं आपल्या मनःपरिवर्तनाची हकीकत कधीं रंगवून सांगितली नाहीं. कोणीं विचारल्यास ते देवाच्या कृपेकडे बोट दाखवीत व गप्प बसत. आपल्या श्रद्धेचें प्रदर्शन मांडावयाचें नाहीं, हा त्यांचा बाणा जन्मभर टिकला.

काव्यरचना

त्याच वर्षीं मांझोनी कुटुंब मिलानला परत आलें. कॅनन लुइजी तोसी हे त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक झाले. हेच पुढें पाव्हियाचे बिशप झाले. जवळच्या ब्रुसूल्यो गांवीं त्यांची वाडी होती. तेथें मांझोनी झाडें लावीत, रेशमाचे किडे पाळीत, द्राक्षवेलींची निगा ठेवीत व उरलेल्या वेळांत लिहीत.

ख्रिस्तसभेच्या वार्षिक सणांवर बारा स्तोत्रें रचावीं, असा त्यांचा संकल्प होता. १८१२ सालीं पुनरुत्थानावरील स्तोत्रानें त्यांनीं आरंभ केला. त्यापाठोपाठ मरियेच्या नांवावरील, नाताळावरील व प्रभूच्या दुःखसहनावरील स्तोत्रें झालीं व १८१५ सालीं तीं पुस्तकरूपानें निघालीं. त्या वेळीं त्या पुस्तकाकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. पवित्र आत्म्याच्या आगमनावरील पांचवें स्तोत्र १८१७ सालीं हातीं घेतलें तें १८२२ सालीं पुरें झालें. एका स्तोत्रास पांच वर्षें! बारांपैकीं पांचच स्तोत्रें सिद्ध झालीं. परंतु जो शब्द मनाला पटला नाहीं तो देवापुढें ठेवावयाचा नाहीं, हा त्यांचा नियम होता.

१८१९ सालीं त्यांनीं कॅथॉलिक नीतिशास्त्रावर एक गद्य ग्रंथ लिहिला. इटलीच्या अवनतीस कॅथॉलिक नीतीच कारण झाली, असा आक्षेप सिस्मोंदी नांवाच्या इतिहासकारानें घेतला होता. मांझोनी यांनीं त्याचें उत्तर शांतपणें व मुद्देसूदपणें दिलें. ख्रिस्ती लोकांच्या हातून झालेले अपराध त्यांनीं नाकारले नाहींत. ते अपराध धर्म पाळल्यामुळें झाले नसून तो न पाळल्यामुळें झाले, एवढेंच त्यांनीं दाखवून दिलें. याच सुमारास त्यांचीं दोन ऐतिहासिक शोकांत नाटकेंही प्रसिद्ध झालीं; एक १८२० सालीं व दुसरें १८२२ सालीं.

५ मे १८२१ रोजीं सेंट हेलेना बेटावर नेपोलियन मरण पावला. ती वार्ता जुलैंत मिलानला पोंचतांच मांझोनी यांनीं थोड्याच दिवसांत एक कविता लिहिली. तो बादशहा सत्तेवर असतांना त्यांनीं त्याची भाटगिरी केली नव्हती व तो पडल्यावर त्यास दगडही मारला नव्हता. आतां त्या एकाकी मरणाकडे त्यांनीं देवाच्या दयेच्या दृष्टीनें पाहिलें. मिलानवर तेव्हां ऑस्ट्रियाचें राज्य होतें. सरकारी परीक्षकानें कविता छापण्यास मनाई केली. पण हस्तलिखित प्रतींच्या द्वारें ती सर्वत्र पसरली व महाकवि गटे यांनीं तिचें स्वतः जर्मन भाषांतर केलें.

थोर कादंबरी

मांझोनी यांचें नांव अजरामर केलें तें मात्र त्यांच्या एकुलत्या एका कादंबरीनें. २४ एप्रिल १८२१ रोजीं ती लिहावयास त्यांनीं प्रारंभ केला. पहिला खर्डा सप्टेंबर १८२३ मध्यें संपला. तो पुन्हां नव्यानें लिहून १८२७ सालीं तीन भागांत ग्रंथ पुरा झाला. ‘वाग्दत्त वधूवर’ असें तिच्या नांवाचें मराठी करतां येईल.

कथा १६२८ ते १६३० या काळांतील, स्पॅनिश अंमलाखालच्या लोंबार्दी प्रांतांतील आहे. रेंझो हा रेशमाच्या कारखान्यांतील कामकरी व लुचिया ही गरीब विधवेची मुलगी यांचा विवाह ठरलेला असतो. गांवच्या जुलमी सरदाराची, दोन रोद्रीगोची, दृष्टि त्या मुलीवर जाते. त्याचे हत्यारबंद गुंड धर्मगुरु दोन आब्बोंदियो यांना वाटेंत गांठून, हें लग्न लावल्यास जिवास मुकाल, अशी धमकी देतात. आणि धर्मगुरु घाबरून लग्न लावण्याचें नाकारतात. त्या दोघां गरिबांची जी वणवण सुरू होते तीच ही कथा. ज्या काळीं ग्रंथांचे नायक राजे व सेनापति असत, त्या काळीं एका कामकऱ्यास व एका खेड्यांतल्या मुलीस कथेच्या सिंहासनावर बसविणें, ही लहान गोष्ट नव्हे.

आम्हां धर्मगुरूंस ही कादंबरी वाचतांना अवघड वाटतें तें येथेंच. एका निष्ठावंत कॅथॉलिक लेखकानें आपल्या कथेंतील सर्व अनर्थाचें मूळ एका धर्मगुरूच्या भित्रेपणांत ठेविलें आहे. दोन आब्बोंदियो दुष्ट नाहींत. ते लांच खात नाहींत, कोणाचें वाईट चिंतीत नाहींत. त्यांना केवळ सुखानें जगावयाचें आहे. पण मेंढपाळाला स्वतःचा जीव कळपापेक्षां प्यारा झाला कीं लांडग्यास निराळें आमंत्रण द्यावें लागत नाहीं. पुढें मिलानचे आर्चबिशप कार्डिनल फेदेरीगो बोर्रोमेओ या धर्मगुरूंस समोर बसवून त्यांच्या कर्तव्याची आठवण करून देतात, तो प्रसंग प्रत्येक धर्मगुरूनें वर्षांतून एकदां वाचावा, असें आमचें मत आहे. मोंझा येथील जोगिणीची करुण कथाही मांझोनी यांनीं झांकून ठेविली नाहीं. घराण्याच्या संपत्तीसाठीं बापानें मुलीच्या मनाविरुद्ध तिला मठांत लोटलें व त्यांतून पापाची केवढी परंपरा निघाली, हें त्यांनीं निर्भीडपणें लिहिलें.

परंतु जी लेखणी दोष दाखविते तीच गुणही तितक्याच निष्ठेनें दाखविते. पूर्वाश्रमीं हातून मनुष्यवध घडल्यामुळें पश्चात्तापानें कापुचिन झालेले फादर क्रिस्तोफोरो सरदाराच्या वाड्यांत एकटे जाऊन त्याला जाब विचारतात. ज्याच्या नांवाचा उच्चार करण्याचीही लोकांस भीति, असा एक महापातकी सरदार लुचियेच्या अश्रूंनीं व कार्डिनलांच्या आलिंगनानें पालटून जातो. आणि १६३० सालची महामारी येते तेव्हां कापुचिन साधु रुग्णांच्या छावणींत राहून शेंकडों लोकांची शुश्रूषा करतात. मांझोनी इतिहासाच्या आधारें सांगतात कीं, एकट्या मिलान शहरांत साठांहून अधिक धर्मग्रामगुरु, म्हणजे दर नवांपैकीं सुमारें आठ, त्या साथींत मृत्यु पावले. एका दोन आब्बोंदियोच्या शेजारीं हे साठ हुतात्मे उभे करूनच लेखकानें चित्र पुरें केलें आहे.

त्याच महामारींत लोकांच्या आग्रहास्तव संत चार्ल्स बोर्रोमेओ यांच्या पवित्र देहाची मिरवणूक शहरांतून काढण्यांत आली. कार्डिनल प्रथम राजी नव्हते. शेवटीं त्यांनीं संमति दिली. ११ जून रोजीं मिरवणूक निघाली व दुसऱ्याच दिवसापासून मृत्यूंची संख्या भयंकर वाढली. गर्दीमुळें रोग पसरतो हें लोकांस सुचलें नाहीं; कोणी दुष्टांनीं विषारी मलम फांसलें, अशी आवई मात्र उठली. या वेडाच्या भरांत गुलियेल्मो पियात्सा व जान्जाकोमो मोरा या दोन निरपराध्यांचे हाल करून त्यांना ठार मारण्यांत आलें. मोराचें घर पाडून तेथें त्याच्या निंदेचा स्तंभ उभारला गेला, तो १७७८ पर्यंत उभा होता. या खटल्यावर मांझोनी यांनीं स्वतंत्र ग्रंथ लिहिला. काळ अज्ञानाचा होता, एवढें म्हणून न्यायाधीश सुटत नाहींत. सत्य त्यांना पाहतां आलें असतें, त्यांनीं तें पाहिलें नाहीं, असा त्यांचा निर्णय आहे. आजोबा बेक्कारिया यांचा वारसा नातवानें असा चालविला. २०२० सालीं नव्या साथीमुळें मिलानच्या शाळा बंद झाल्या, तेव्हां तेथील एका मुख्याध्यापकांनीं विद्यार्थ्यांना पत्र लिहून याच कादंबरींतील महामारीचीं प्रकरणें वाचावयास व अफवांपासून दूर राहावयास सांगितलें होतें. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यास दोनशें वर्षें होत आलीं, तरी त्याची गरज सरली नाहीं, याचीच ही खूण.

कथेच्या शेवटीं रेंझोच्या हृदयांत सूडाची आग पेटलेली असतां फादर क्रिस्तोफोरो त्याला रोगानें मरणोन्मुख पडलेल्या त्याच्या शत्रूच्या अंथरुणाशीं नेतात व क्षमा करावयास लावितात. विवाह होतो तो त्यानंतरच. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं मे २०१५ मध्यें वाग्दत्त तरुणतरुणींस हा ग्रंथ वाचण्याचा आग्रह केला होता, तो उगीच नव्हे.

ग्रंथाची कीर्ति झाली तरी कर्त्याचें समाधान झालें नाहीं. मिलानमध्यें घरीं स्थानिक बोली, विद्वानांत फ्रेंच व पुस्तकांत पंडिती इटालियन, अशी स्थिति होती. सर्व इटलीस एक जिवंत भाषा मिळावी म्हणून ते १८२७ सालीं सहकुटुंब फ्लॉरेन्सला गेले, तेथील लोकांची बोली त्यांनीं कान देऊन ऐकली व संबंध कादंबरी पुन्हां शब्दन् शब्द तपासली. १८४० ते १८४२ या काळांत ही सुधारलेली सचित्र आवृत्ति त्यांनीं स्वखर्चानें काढली व तींत त्यांना मोठें नुकसान सोसावें लागलें. पण आजचें इटालियन गद्य घडविण्यांत त्या आवृत्तीचा वांटा फार मोठा आहे.

दुःखाचे दिवस

आतां आम्ही त्यांच्या घराकडे वळतों. १८३३ सालच्या नाताळाच्या दिवशींच, २५ डिसेंबर रोजीं, एन्रिकेत्ताबाई देवाघरीं गेल्या. ज्या पत्नीच्या हाताला धरून ते श्रद्धेकडे परतले, तिला देवानें आपल्या पुत्राच्या जन्मदिनीं न्यावें! कांहीं काळानें त्यांनीं त्या नाताळावर एक कविता लिहावयास घेतली. परंतु ती पुरी होईना. ज्यांनीं पूर्वीं नाताळाचें आनंदस्तोत्र गायिलें होतें, त्यांचाच हात आतां अडला. दुःखावर गोड शब्दांचें पांघरूण घालून कविता संपविणें त्यांच्यासारख्या सिद्धहस्तास अवघड नव्हतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. कविता अपुरीच ठेविली. आमच्या मतें ती अपुरी कविता हीही एक प्रार्थनाच होय. ज्यास उत्तर सांपडलें नाहीं त्यानें देवापुढें उगी राहावें. खोटें उत्तर देऊं नये.

पुढच्याच वर्षीं थोरली कन्या ज्यूलिया वारली. १८३७ सालीं मांझोनी यांनीं तेरेझा बोर्री या विधवेशीं दुसरा विवाह केला. १८४१ सालीं कन्या क्रिस्तीना व वृद्ध मातोश्री, १८४५ सालीं सोफिया, १८५६ सालीं सर्वांत धाकटी मातिल्दे अशी एकामागून एक माणसें गेलीं. मातिल्दे क्षयानें आजारी होती, तोस्काना प्रांतीं बहिणीकडे राहत होती, व अखेरच्या काळांत वडिलांच्या भेटीची वाट पाहत होती. ती भेट झाली नाहीं. मांझोनी यांना मज्जातंतूंचा विकार होता; एकट्यानें घराबाहेर पडण्याची, गर्दीची व मोकळ्या जागेची त्यांना भीति वाटे, बोलतांना जीभ अडखळे. तरीही पित्याच्या कर्तव्यांत ते येथें उणे पडले, हें आम्हांस लिहिलेंच पाहिजे. ज्यांनीं धर्मगुरूंचे दोष झांकले नाहींत, त्यांचे दोष आम्ही झांकणें हा त्यांचा सन्मान ठरणार नाहीं.

या काळांत त्यांना मोठा आधार होता तो थोर तत्त्ववेत्ते धर्मगुरु आंतोनियो रोस्मिनी यांच्या मैत्रीचा. १८४९ सालीं रोस्मिनी यांचीं दोन पुस्तकें निषिद्ध ग्रंथांच्या यादींत गेलीं व त्यांनीं तो निर्णय नम्रपणें मान्य केला. १८५५ सालीं स्त्रेझा येथें ते मृत्युशय्येवर असतां मांझोनी त्यांच्याजवळ गेले होते. त्याच रोस्मिनी यांना २००७ सालीं ख्रिस्तसभेनें धन्य म्हणून घोषित केलें.

राष्ट्रसेवा व अखेर

इटली एक व्हावी ही मांझोनी यांची आयुष्याची इच्छा. १८४८ सालच्या उठावांत त्यांचा पुत्र फिलिप्पो ऑस्ट्रियनांच्या कैदेंत पडला. १८६० सालीं ते सिनेटचे सभासद झाले. बोलण्यांतील दोषामुळें त्यांनीं भाषणें केलीं नाहींत, पण १८६१ सालीं इटलीच्या राज्याच्या घोषणेस आपलें मत दिलें. पोपमहाराजांनीं राज्यकारभाराच्या ओझ्यांतून मोकळें व्हावें, त्यांत ख्रिस्तसभेचें अकल्याण नाहीं, अशी त्यांची समजूत होती. १८७२ सालीं त्यांनीं रोम शहराचें मानद नागरिकत्व स्वीकारलें तेव्हां पुष्कळ कॅथॉलिक मंडळी त्यांच्यावर नाराज झाली. तो वाद १९२९ सालच्या लातेरान करारानें मिटला. मांझोनी मात्र टीका ऐकत राहिले व आपल्या देवळांत नेमानें जात राहिले.

६ जानेवारी १८७३ रोजीं, तीन राजांच्या सणादिवशीं, मिलानच्या सान फेदेले देवळांतून बाहेर पडतांना सत्याऐंशीं वर्षांचे मांझोनी पायऱ्यांवर पडले व त्यांच्या डोक्यास मार लागला. त्यांतून ते उठले नाहींत. २८ एप्रिल रोजीं थोरला पुत्र पिएत्रो वारला. आणि २२ मे १८७३ रोजीं, प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणीं, मांझोनी यांनीं देह ठेविला. त्रेसष्ट वर्षांपूर्वीं याच तारखेस एन्रिकेत्ताबाई ख्रिस्तसभेंत आल्या होत्या. दहा मुलांपैकीं एन्रीको व व्हित्तोरिया हीं दोनच मागें राहिलीं होतीं. पहिल्या पुण्यतिथीस, २२ मे १८७४ रोजीं, मिलानच्या संत मार्क यांच्या देवळांत संगीतकार व्हेर्दी यांनीं त्यांच्या स्मरणार्थ रचिलेली मृतांसाठींची मिस्सा प्रथम गायिली गेली.

बंधुभगिनींनो, महोत्सवाच्या प्रसंगीं केवळ गोड तेवढेंच आठवण्याचा मोह होतो. मांझोनी यांची लेखणी आपणांस दुसरें कांहीं शिकविते. देवाच्या घरांत भित्रा मेंढपाळ होता आणि साथींत प्राण वेंचणारे साठही होते. फसलेली मिरवणूक होती आणि शत्रूच्या अंथरुणाशीं दिलेली क्षमाही होती. आपल्या धर्मग्रामाची बखरही अशीच संमिश्र आहे व ती तशीच सांगितली पाहिजे. कारण सत्यानें श्रद्धा बाटत नाहीं, उलट भक्कम होते. आपल्यामध्यें कोणाचें स्तोत्र यंदाच्या नाताळीं अर्ध्यावर अडलें असेल, कोणाच्या घरचें आसन रिकामें झालें असेल, त्यानें तें अपुरें स्तोत्र तसेंच वेदीपाशीं आणून ठेवावें. ज्या प्रभूनें मांझोनी यांची अपुरी कविता स्वीकारली, तो आपलीही स्वीकारील, अशी आमची श्रद्धा आहे.